सस्टेनेबल पॅकेजिंगच्या आयडिया काढायला बसणाऱ्या मंडळींना, सॅम्पल टेबलावरून

नमस्कार मंडळी,

तुम्ही मला ओळखत नसाल. तुमच्या मीटिंगमध्ये जी आयडिया ठरते ती दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर येते, बहुतेक वेळा मोबाईलवर काढलेल्या फोटोच्या रूपात, व्हाइटबोर्डवर पिवळे गुलाबी कागद चिकटवलेले असतात आणि त्यातल्या एकाभोवती मार्करने गोल केलेला असतो. मग मी तो गोल कापते. म्हणजे पुठ्ठ्यात कापते, क्रीझ मारते, दुमडते, आत वस्तू घालते, कानाशी नेऊन हलवून बघते. बारा वर्षं हेच करतेय. तुमचे फोटो इतके बघितलेत की गोल केलेला कागद बघायच्या आधीच बाकीच्यांवर काय असणार ते सांगू शकते. बांबू. मशरूम. सीवीड, म्हणजे समुद्रातलं शेवाळ. बिया घातलेला कागद, जो कुंडीत पुरला की रोप येतं म्हणे. खाता येईल असं पॅकेट. क्यूआर कोड. आणि खाली कोपऱ्यात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं 'कमी करूया का?', ज्याच्याभोवती आजवर एकदाही गोल आलेला नाही.

त्या कोपऱ्यातल्या कागदाच्या बाजूने बोलायला म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, मशरूमशी माझं काही वाकडं नाही. शेतातला टाकाऊ भुसा घ्यायचा, त्यात बुरशीचे धागे वाढू द्यायचे, साच्यात भरायचं, काही दिवसांत थर्माकोलसारखा ठोकळा तयार. इकोव्हेटिव्ह नावाची अमेरिकन कंपनी २००७ पासून हे करतेय आणि डेल ह्या कॉम्प्युटर कंपनीने आपल्या मशिनी अशा ठोकळ्यात घालून पाठवल्यात. छानच आहे की. माझी तक्रार तुमच्या प्रश्नाबद्दल आहे. तुम्ही टेबलाभोवती बसता आणि पहिलाच प्रश्न टाकता, 'प्लास्टिकऐवजी काय वापरता येईल?' आता ह्या प्रश्नाला उत्तर मटेरियलचंच येणार ना, दुसरं काय येईल? खोकं तेवढंच राहतं, आतली हवा तेवढीच राहते, चार तुकडे होते ते चारच राहतात, फक्त पांढऱ्याचं तपकिरी होतं. आणि ह्याला आपण आयडिया म्हणतो.

मटेरियल बदलून काय होऊ शकतं ह्याचा माझा आवडता किस्सा सनचिप्सच्या पिशवीचा. फ्रिटो-ले कंपनीने ह्या चिप्ससाठी पीएलएची, म्हणजे मक्यासारख्या पिकापासून होणाऱ्या प्लास्टिकची, कंपोस्ट होणारी पिशवी आणली. हेतू चांगला, मेहनत खरी, सगळं खरं. पण पीएलए कडक असतं, त्यामुळे पिशवीला हात लावला की असा कर्कश कडकडाट व्हायचा की लोकांनी चेष्टेने फेसबुकवर ग्रुप काढला, पिशवीच्या आवाजात तुझं बोलणं ऐकू येत नाहीये अशा अर्थाचा. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत बहुतेक फ्लेव्हर्सची ती पिशवी मागे घ्यावी लागली. मला हसू नाही येत ह्याचं, मला वाटतं की ती मीटिंग झाली तेव्हा टेबलावर पिशवी असती आणि कुणीतरी रात्री अकरा वाजता टीव्हीसमोर बसून ती उघडल्यासारखी उघडली असती तर तिथल्या तिथे कळलं असतं. थरांमधला गोंद बदलून नंतर त्यांनी आवाज कमी केलाच, म्हणजे अडचण सुटण्यासारखी होती. फक्त ती कानाने शोधायची होती आणि आपण सगळे डोळ्याने डिझाइन करतो.

कंपोस्टचंही तेच. पीएलएला नीट कुजायला साधारण ५८ ते ६० डिग्रीची सलग गरमी लागते, जी मोठ्या कंपोस्ट प्लांटमध्ये असते. तुमच्या कुंडीत नसते, रस्त्याकडेला नसते, समुद्रात तर नसतेच नसते. त्यामुळे पाकिटावर 'कंपोस्टेबल' लिहिताना ते पाकीट ज्या माणसाच्या हातात पडणार त्याच्या आसपास असा प्लांट आहे का हा प्रश्न मीटिंगमध्ये यायला हवा, छपाईला गेल्यावर नाही.

मग सुरुवात कुठून करायची? मला विचाराल तर कामापासून. हे पॅकेजिंग नेमकं काय काम करतंय ते साध्या क्रियापदात लिहा. धरतं, झाकतं, ओल थांबवतं, धक्का खातं, ओळख सांगतं, उघडतं, परत बंद होतं, मरतं. हो, मरतं, म्हणजे काम संपल्यावर त्याचं काय होतं, हेही लिहा, ते कायम राहून जातं. आणि मग एकेका क्रियापदाला विचारा की हे काम खोक्यानेच करायला पाहिजे का. हे ऐकायला बालवाडीचं वाटतं, पण मी तुम्हाला खात्रीने सांगते की माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या डिझाइनमध्ये एखादा तुकडा असा असतो ज्याचं काम काय हे विचारलं की फोनवर पलीकडे शांतता.

काकडीचं घ्या. प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळलेली काकडी हा सगळ्यांचा आवडता खलनायक आहे, फोटो टाकायचा आणि शिव्या घालायच्या. पण काकडी उत्पादकांचा हिशोब असा की ती जेमतेम दीड ग्रॅमची फिल्म काकडीला तीन दिवसांऐवजी चौदा दिवसांपर्यंत टिकवते, कारण फिल्मचं काम आहे पाणी उडू न देणं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या अंदाजाने २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्या काकडीला पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल सगळं कचऱ्यात. म्हणजे फिल्म ठेवा असं मी म्हणत नाहीये हं, मी म्हणतेय की प्रश्न 'फिल्मऐवजी काय' असा नसून 'पाणी कसं थांबवू' असा आहे. हा प्रश्न टाकला की उत्तरं एकदम पसरतात. वर खाता येणारा लेप दिला तर? शेत आणि घर ह्यांच्यातले दिवसच कमी केले तर? साठवणीची हवाच दमट ठेवली तर? ह्यातलं एकही उत्तर पॅकेजिंगच्या कॅटलॉगमध्ये सापडत नाही.

खूपदा तर वस्तूच बदलायची असते. आयकियाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, १९५० च्या दशकात गिलिस लुंडग्रेन नावाच्या डिझायनरला एक टेबल गाडीत बसवायचं होतं, बसेना, त्याने पाय काढले आणि खाली ठेवले. खोकं डिझाइन करायला तो बसलाच नव्हता, त्याला फक्त गाडीचं दार बंद करायचं होतं. कपडे धुण्याच्या लिक्विडचंही तसंच, इतकी वर्षं आपण बाटलीतून मुख्यतः पाणी वाहून नेत होतो, मग लिक्विड घट्ट केलं आणि बाटली लहान झाली, आणि २००८ पर्यंत वॉलमार्टने अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत फक्त घट्ट लिक्विडच ठेवायचं ठरवलं. बाटलीचं प्लास्टिक, खोक्याचा पुठ्ठा, ट्रकमधली जागा, सगळं एका झटक्यात कमी, आणि कुणालाही बांबू आठवायची गरज पडली नाही. प्यूमाने २०१० मध्ये बुटांचं झाकणवालं खोकं काढून टाकलं, डिझायनर इव्ह बेहारच्या टीमने एकाच सपाट पुठ्ठ्याचा सांगाडा केला आणि त्याला बाहेरून पिशवी घातली, तीच पिशवी दुकानातून हातात घेऊन जायची. पुठ्ठा ६५ टक्के कमी झाला असं त्यांनी सांगितलं. बघा, इथे एका तुकड्याने दोन कामं केली. आयडियांची ही जात मला सगळ्यात जास्त आवडते.

आता थोडं माझ्या स्वतःबद्दल, कारण राहवत नाही. एकदा एका कंपनीचं (नाव जाऊ दे) छोट्या इलेक्ट्रिक वस्तूचं काम आलं, सस्टेनेबल करायचंय म्हणून. जुनं खोकं माझ्यासमोर होतं, मी ते टेबलावर सुटं केलं. बाहेर स्लीव्ह, म्हणजे वरून सरकवायचं वेष्टण, आत झाकणवालं खोकं, त्यात फोमचा साचा पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवलेला, वस्तूभोवती पातळ पिशवी, वायर वेगळ्या पिशवीत, वायरला परत प्लास्टिकचा ट्विस्ट, आणि एका कोपऱ्यात नुसतं जागा भरायला ठेवलेलं रिकामं छोटं डबडं. रिकामं! मी ते उघडून दोनदा बघितलं की काहीतरी राहिलं असेल म्हणून. मग मी वस्तू आडवीची उभी केली, वायर तिच्या तळातल्या खोबणीत गुंडाळली, आणि एका ताव पुठ्ठ्यात, फोमशिवाय, दुमडून दुमडून उशीसारखे कोपरे केले. खोकं निम्म्याहून लहान झालं. दहा वेळा पाडलं, ड्रॉप टेस्टची नेहमीची रीत असते तशी, एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. वस्तूला काही नाही झालं. सॅम्पल घेऊन गेले तर मार्केटिंगवाले म्हणाले की शेल्फवर फार छोटं दिसतंय, एवढ्या पैशाची वस्तू वाटत नाही. शेवटी काय झालं? जुनंच खोकं, तेच रिकामं डबडं, फक्त फोमच्या जागी मोल्डेड पल्प, म्हणजे कागदाच्या लगद्याचा साचा, आणि वर हिरवं झाडाचं पान छापलं.

मार्केटिंगला मी दोष देत नाही, खरंच देत नाही, शेल्फवर दिसणं हेही एक काम आहे आणि ते क्रियापदांच्या यादीत यायला हवं होतं. पण ते काम हवेनेच करायचं का, ह्याच्यावर एक तास तरी आयडिया काढायला होत्या. आणि आता तर कायदाच येतोय. युरोपियन युनियनचा पॅकेजिंगचा नवीन कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्तित्वात आला, त्यात २०३० पासून पार्सलच्या आणि वाहतुकीच्या पॅकेजिंगमध्ये रिकामी जागा जास्तीत जास्त ५० टक्के असं बंधन आहे. म्हणजे अर्धं खोकं हवा चालेल, त्याच्यावर नाही. हे वाचून पहिल्यांदा मला तेच डबडं आठवलं.

आता मरण्याबद्दल, जे यादीत राहून जातं. ओईसीडी ह्या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये जगात ३५ कोटी टनांच्या वर प्लास्टिकचा कचरा झाला, त्यातला साधारण ४० टक्के पॅकेजिंगचा, आणि एकूण कचऱ्यापैकी प्रत्यक्षात रिसायकल झाला ९ टक्के. आपण मात्र तीन बाणांचं चिन्ह छापतो आणि हात झटकतो. दोन वर्षांपूर्वी मी हट्टाने एका कचरा वेगळा करणाऱ्या शेडमध्ये दिवसभर बसले. तिथल्या एका ताईंनी मला जे शिकवलं ते कुठल्याच वर्कशॉपमध्ये शिकवलं नव्हतं. चमकणारं रॅपर त्यांनी मुठीत चुरगाळलं आणि मूठ उघडली. ते हळूहळू परत फुलून उठलं. "हे बघा, उठलं म्हणजे प्लास्टिक, वरून नुसती चकाकी. गोळा झालं तसंच राहिलं तर फॉइल." मग माझाच एक खाकी कागदी पाउच, ज्याचा मला फार अभिमान होता, तो घेतला आणि टर्रकन फाडला. फाटलेल्या कडेला कागदाच्या मागून एक पातळ पारदर्शक जिभली लोंबत होती. लॅमिनेशन. "असलं कोणी घेत नाही हो," म्हणाल्या आणि पलीकडच्या ढिगात टाकला. मला काय बोलावं कळेना, कारण त्या पाउचला आतून पीईचा, म्हणजे पॉलिथिनचा, थर द्यायचा हे मीच सुचवलं होतं, ओल लागू नये म्हणून.

तिथेच धुण्याचा हौद बघितला. बाटल्यांचे तुकडे करून पाण्यात सोडतात, बाटलीचं पीईटी प्लास्टिक जड म्हणून तळाला जातं, झाकणांचं पीपी आणि पीई प्लास्टिक हलकं म्हणून वर तरंगतं, वरचं वर काढून घेतात, किती सोपं. पण बाटलीवर पीव्हीसीचा (हेही एक प्लास्टिकच) श्रिंक स्लीव्ह, म्हणजे घट्ट बसवलेलं वेष्टण, असला तर तोही पीईटीबरोबर बुडतो, दोघांचा जडपणा जवळजवळ सारखाच, आणि नंतर गरम करताना थोडंसं पीव्हीसीसुद्धा सगळं पीईटी नासवतं. काळ्या ट्रेचं दुखणं वेगळंच, काजळीचा काळा रंग असला की कचरा वेगळा करणाऱ्या मशीनचा इन्फ्रारेड डोळा त्याला बघूच शकत नाही, मटेरियल कितीही चांगलं असू दे. म्हणजे रंग निवडताना, लेबल निवडताना तुम्ही त्या वस्तूचं मरण ठरवताय. 'बुडणारी बाटली, तरंगणारं लेबल' हे ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या सूचनापत्रात, एका ओळीत लिहा आणि मग बघा लोक काय काय काढतात.

मरणाची जी सगळ्यात हुशार आयडिया मला माहितीये ती एकदम बारकी आहे. कॅनची रिंग पूर्वी ओढली की सुटी होऊन हातात यायची, लोक ती कुठेही टाकायचे, किनाऱ्यावर पायात घुसायची. १९७५ मध्ये डॅनियल कडझिक ह्यांची रिंग आली जी कॅनलाच चिकटून राहते. मटेरियल तेच. 'रिंग कशाची करू' असं न विचारता 'ती सुटतेच का' असं विचारलं, बस. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच असावीत असा नियम झाला, तो हाच विचार, फक्त जवळजवळ पन्नास वर्षांनी. लोक कुरकुर करतात की झाकण नाकाला लागतं. बरोबरे, लागतं. ते सोडवा ना मग, तीही आयडियाच आहे.

रीयूजवाल्यांनाही मला एक सांगायचंय. 'परत वापरता येईल' हे फार स्वस्तात लिहिलं जातं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास केला, त्यात साध्या कापसाची पिशवी फक्त हवामानाच्या हिशोबाने प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करायला ५२ वेळा वापरावी लागते असं निघालं, आणि सगळे निकष धरले तर ७१०० वेळा. (तो मोठा आकडा मुख्यतः ओझोनच्या एका निकषामुळे फुगलाय, त्यामुळे तो ओरडून सांगण्यात मला रस नाही. पण ५२ सुद्धा कमी नाहीत, तुमच्या दारामागे लटकलेल्या पिशव्या मोजा.) तर डबा परत येणार असेल तर तो कसा येणार, रिकामा किती जागा खाणार, एकात एक बसतो का, कोण धुणार, हे काढायचं काम डिझाइनचंच आहे. एकात एक बसणारा तिरका काठ ही मला कधीकधी मटेरियलपेक्षा मोठी आयडिया वाटते.

आता मीटिंग कशी भरवता त्याबद्दल, इथे थोडी भांडणार आहे. पहिली चूक म्हणजे जुनं खोकं आणि स्पर्धकांची खोकी टेबलावर मांडून सुरुवात करणं. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ ह्यांनी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि इंजिनिअर ह्यांच्यावर प्रयोग केले, त्यातला एक न सांडणाऱ्या कॉफी कपाचा. काहींना नमुन्याचं चित्र दाखवलं ज्यात स्ट्रॉ होता, आणि स्पष्ट सांगितलं की स्ट्रॉ वापरायचा नाही. तरी ज्यांनी चित्र बघितलं होतं त्यांच्या डिझाइनमध्ये स्ट्रॉ जास्त आले! चूक दाखवून 'हे करू नका' म्हटलं तरी हात तिकडेच जातो. म्हणून वस्तू नागडी ठेवा टेबलावर, खोक्याशिवाय, आणि जुनं खोकं दुसऱ्या खोलीत.

दुसरं, सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात करू नका. मोठ्या आवाजाच्या माणसाने 'सीवीड!' म्हटलं की पुढचा अर्धा तास सीवीडच्या अवतीभवती जातो, हे मी फोटोंवरून सांगू शकते. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं ह्यांनी दाखवलं की गटात लोक आपली पाळी येईपर्यंत थांबतात त्यातच आयडिया मरतात, एकेकटे बसून काढलेल्या आयडिया एकत्र केल्या तर त्या जास्त भरतात. १९६८ मध्ये बेर्न्ड रोरबाख ह्यांनी साधी युक्ती सांगितली होती, सहा माणसं, प्रत्येकाने तीन आयडिया, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे आणि त्याने त्याच्यावर पुढे लिहायचं. अर्ध्या तासात शंभराच्या वर होतात, तोंडातून शब्द न काढता. त्यातल्या ऐंशी फालतू असतील, असू देत. पुठ्ठ्याने हात काळे झालेल्या माणसाला, जो मीटिंगमध्ये बोलायला लाजतो, त्याला कागदावर लिहायला लाज वाटत नाही.

आणि तो माणूस मीटिंगमध्ये असू दे एवढंच माझं म्हणणं. पॅकिंग लाइनवरची बाई, जिला माहितीये की झाकण बसवताना तिसरं बोट कुठे दुखतं. गोडाऊनवाला, ज्याला माहितीये की दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि खालच्या थरातली खोकी कोपऱ्यांत खचतात, कारण वजन मुख्यतः उभे कोपरेच पेलतात, आणि तुम्ही तिथेच खिडकी कापलेली असते. त्या शेडमधल्या ताई. माझी आई, जी गोळ्यांचं पाकीट उघडायला कात्री आणते आणि कात्रीचं कडक प्लास्टिकचं पॅक उघडायला सुरी. अंड्यांचा कप्पेवाला ट्रे १९११ मध्ये कॅनडात जोसेफ कॉइल ह्यांनी काढला, ते वर्तमानपत्र चालवायचे, आणि गावातल्या हॉटेलवाल्याची आणि अंडीवाल्याची फुटक्या अंड्यांवरून चाललेली भांडणं ऐकून त्यांना ते सुचलं. पॅकेजिंगशी त्यांचा काही संबंध नव्हता.

फालतू आयडिया फेकू मात्र नका. बबल रॅप १९५७ मध्ये जन्मला तो भिंतीला लावायचा उठावदार वॉलपेपर म्हणून, तो कुणालाच आवडला नाही. माझ्याकडे एक ड्रॉवर आहे, त्यात तुम्ही नाकारलेली सगळी सॅम्पल आहेत, तारखा घालून. त्या उशीच्या कोपऱ्यांचं खोकंही तिथेच आहे. मध्ये एका दुसऱ्या कामासाठी ते बाहेर काढलं, जरा रुंद केलं, चाललं.

पुढच्या वेळी फोटो पाठवण्याऐवजी इकडे या. माझं टेबल लांब आहे, दहाजण उभे राहू शकतात, बसायला स्टुलं कमी पडतील. प्रत्येकाने घरातला एका दिवसाचा पॅकेजिंगचा कचरा आणा, न धुतलेला. कटर, गोंद, पुठ्ठा माझ्याकडे आहे.

तुमची,
सॅम्पल टेबलवाली

ता.क. ते हिरवं पान छापायचंच असेल तर निदान अख्खं खाकी खोकं हिरव्या शाईने रंगवून त्यात पान खाकी सोडू नका. मागच्या महिन्यात दोनदा आलं असं.